जुना चित्रपट मुलांना दाखवण्याआधी तो कसा पारखावा

जुना चित्रपट म्हणजे घरात सगळ्यांनी मिळून बघण्यासारखाच असणार, असे गृहीत धरून तो सुट्टीच्या दुपारी लावला जातो आणि पाऊण तासाने कोणीतरी रिमोट शोधत धावते. यात निष्काळजीपणा क्वचितच असतो. चुकलेला असतो तो क्रम. आधी चित्रपट ठरतो, मग मुले बसतात, आणि त्यात काय आहे याचा विचार ते पडद्यावर आल्यानंतर सुरू होतो.

त्यात दोन गोष्टींवर नको इतका भरवसा ठेवला जातो. एक म्हणजे आपली आठवण आणि दुसरे म्हणजे सुरुवातीला झळकणारे प्रमाणपत्र. आठवणीत गाणी, विनोद आणि खलनायकाचे दोन-चार संवाद उरतात, बाकीचे गळून जाते. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा मुलांचा चित्रपट म्हणून अनेक पालकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. मात्र त्यातली टीना ही चिमुरडी बॉम्बस्फोटात मरते, हे त्यांना आपले मूल हुंदके देऊ लागल्यावर आठवते. म्हणून पुढील पद्धतीत आठवणीला पुरावा मानलेले नाही. प्रत्येक टप्पा दिलेल्या क्रमानेच करावा, कारण पहिल्या दोन टप्प्यांशिवाय चौथ्या टप्प्यातील मेहनत वाया जाते.

पूर्वतयारी

एक वही, हेडफोन आणि चित्रपटाच्या लांबीहून अर्धा तास अधिक इतका वेळ लागतो. तपासणी मुले शाळेत असताना किंवा झोपल्यावर करावी, आणि शक्यतो दाखवण्याच्या दोन दिवस आधी. आदल्या रात्री तपासून चित्रपट अयोग्य ठरला, तर दुसरा तपासायला वेळ उरत नाही आणि कंटाळून पहिलाच लावला जातो.

१. आधी मुलाची नोंद करा, चित्रपटाची नंतर

वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक मुलासाठी तीन गोष्टी लिहाव्यात: आजवर कशाला घाबरले, सध्या घरात किंवा शाळेत कोणता ताण आहे, आणि पाहिलेल्याची नक्कल करण्याची खोड किती आहे. वयाचा आकडा यानंतर येतो, कारण तो एकटा फार थोडे सांगतो.

वयाने फरक पडतो तो मुख्यतः भीतीच्या स्वरूपात. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुले जे दिसते त्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, माणसाचे दुसऱ्या कशात होणारे रूपांतर, अचानक येणारा मोठा आवाज. त्यांना ‘हे खोटे आहे’ असे कितीही समजावले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. आठ-नऊ वर्षांनंतर राक्षसाची भीती ओसरते आणि ‘हे आपल्याकडेही घडू शकेल’ ही भीती वाढते: आईवडिलांचा मृत्यू, अपहरण, घर सुटणे, बापाचे दारू पिऊन मारणे. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला जे दृश्य समजतच नाही आणि म्हणून त्रास देत नाही, तेच दहा वर्षांच्या मुलीची झोप उडवू शकते. ‘मोठीला चालेल, धाकट्याचेच बघायला हवे’ हा हिशेब म्हणूनच दर वेळी बरोबर ठरत नाही.

ताणाची नोंद टाळू नये. ‘श्यामची आई’मध्ये (१९५३) आक्षेप घ्यावा असे एकही दृश्य शोधून सापडणार नाही, पण कर्ज, आजारपण आणि शेवटी आईचा मृत्यू ही त्या कथेची वाट आहे. घरात आई किंवा आजी आजारी असेल, तर त्या महिन्यात तो चित्रपट बाजूला ठेवावा.

पडताळणी: प्रत्येक मुलासाठी निदान एक ओळ तुमच्या प्रत्यक्ष पाहण्यातली आहे का? ‘तसा धीट आहे’ ही नोंद नव्हे.

२. नेमका चित्रपट आणि नेमकी प्रत ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एकाच नावाचे चित्रपट पुन्हा पुन्हा निघाले आहेत: ‘श्यामची आई’ १९५३ चा आहे आणि २०२३ चाही; ‘अग्निपथ’ १९९० आणि २०१२; ‘डॉन’ १९७८ आणि २००६. २०२३ चा ‘श्यामची आई’ही कृष्णधवल असल्याने फोटोवरून ओळखू जाल तर फसाल. वर्ष आणि दिग्दर्शकाचे नाव वहीत लिहावे.

त्यानंतर प्रत. एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या लांबीच्या प्रती फिरत असतात. ‘शोले’चा (१९७५) मूळ शेवट सेन्सॉर बोर्डाच्या आग्रहामुळे बदलावा लागला होता, मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार मारतो, तर १९७५ मध्ये चित्रपटगृहांत दिसलेल्या शेवटात पोलीस येऊन त्याला थांबवतात. मूळ शेवट असलेली प्रतही पुढे उपलब्ध झाली. त्यामुळे ‘आम्ही लहानपणी थेटरात पाहिला’ या वाक्यात कोणती प्रत पाहिली हे कळत नाही. दूरचित्रवाणीची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचे चित्रपट दाखवता येत नाहीत, म्हणून वाहिन्या कात्री लावून पुन्हा प्रमाणित केलेली प्रत दाखवतात. टीव्हीवर वर्षानुवर्षे निर्धास्तपणे पाहिलेला चित्रपट ओटीटीवर अखंड स्वरूपात असेल, तर त्यातली काही मिनिटे तुम्हीही पहिल्यांदाच पाहाल.

यूट्यूबवर याच्या उलट अडचण असते. तिथल्या प्रती कुठेही कापलेल्या, कधी गाणी उडवलेल्या, कधी सुरुवातीचे प्रमाणपत्र गाळलेल्या असतात, आणि पुढच्या महिन्यात तीच फीत तिथे असेलच असे नाही.

इशारा: तपासलेली प्रत आणि दाखवायची प्रत एकच असली पाहिजे. फोनवर एका वाहिनीवरची फीत तपासायची आणि टीव्हीवर दुसरीच लावायची, ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. प्रतीची लांबी तास-मिनिटांत लिहून ठेवावी आणि लावताना जुळवून पाहावी.

३. प्रमाणपत्र वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका

भारतात १९८३ पर्यंत मुख्यतः दोनच श्रेणी होत्या, सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. त्या वर्षी ‘यूए’ आणि (डॉक्टरांसारख्या विशिष्ट प्रेक्षकांसाठीची) ‘एस’ आल्या, आणि बोर्डाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले. त्या काळच्या ‘यूए’चा अर्थ बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा इतकाच होता. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की १९८३ पूर्वीच्या चित्रपटावरील ‘यू’ म्हणजे फक्त ‘ए’ द्यावा इतके काही नव्हते. आज १३+ ठरतील असे कितीतरी चित्रपट त्या ‘यू’च्या पोटात आहेत. जुने प्रमाणपत्र आजच्या मोजपट्टीने आपोआप पुन्हा तपासले जात नाही.

ओटीटीवर दिसणारी वयोगटाची खूण २०२१ च्या नियमांनुसार सामान्यतः त्या मंचाने स्वतः दिलेली असते, त्यामुळे एकाच चित्रपटावर दोन ठिकाणी दोन खुणा दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. दोहोंतली कडक खूण धरून पुढे जावे.

परदेशातील मराठी कुटुंबांना तिथल्या श्रेणींचा आधार मिळतो, पण जुन्या श्रेणीची अडचण तिथेही आहेच. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ (१९८४) अमेरिकेत ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली) होता, आणि त्यातील छातीतून हृदय उपटून काढण्यासारख्या दृश्यांवरून झालेल्या गदारोळामुळे त्याच वर्षी ‘पीजी-१३’ ही नवी श्रेणी निघाली. त्या चित्रपटावर आजही ‘पीजी’च आहे. शिवाय राजवाड्यात माकडाचा मेंदू खाणारे भारतीय दाखवणारा तो चित्रपट, वर्गात एकट्याच भारतीय असलेल्या मुलाला दाखवायचा की नाही, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगणार नाही. ब्रिटनच्या मंडळाने ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) २०२४ मध्ये ‘यू’वरून ‘पीजी’वर नेला, तो एका हीन वांशिक शब्दामुळे. अशी फेरतपासणी प्रत्येक जुन्या चित्रपटाच्या वाट्याला येत नाही.

पडताळणी: प्रमाणपत्र ‘ए’ असेल तर इथेच थांबावे. ‘यू’ असेल तर थांबू नये.

४. स्वतः पाहा, पण नोंदी करत पाहा

खरे काम या टप्प्यात आहे. चित्रपट पळवत किंवा दुप्पट गतीने पाहू नये, कारण जुन्या चित्रपटांतला बराचसा आक्षेपार्ह भाग दिसण्यापेक्षा ऐकण्यात असतो आणि गती वाढवली की संवादांतला खोचकपणा निसटतो. अगदीच वेळ नसेल तर पुढील जागा तरी पूर्ण पाहाव्यात: पहिली पंधरा मिनिटे, खलनायकाचा पहिला प्रवेश, अड्ड्यावरचे किंवा कोठीवरचे नृत्य, मध्यंतराच्या आगेमागे दहा मिनिटे, बहिणीचे किंवा नायिकेचे एकटे असणे, आणि शेवटचा अर्धा तास. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील सूडकथांत हा साचा इतका ठरलेला आहे, की नायकाला बहीण आहे असे कळताच वही उघडून बसावे.

नोंद चार रकान्यांत करावी: वेळ, काय दिसते, काय ऐकू येते, शेवटी काय होते. चौथा रकाना महत्त्वाचा आहे, कारण मुलाचे समाधान होणार की ते अर्धवट भीती घेऊन उठणार, हे तिथे कळते.

‘झपाटलेला’चे (१९९३) उदाहरण घेऊ. पालकांच्या आठवणीत तो लक्ष्याचा विनोदी चित्रपट आहे. वही घेऊन बसल्यावर दिसते ते असे: तात्या विंचू हा गुंड मरताना मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो, तो बाहुला लक्ष्याच्या घरी येतो, एकांतात त्याचे डोळे फिरतात, तो बोलू लागतो, माणसे मारतो, आणि लक्ष्या जीव तोडून सांगत असतो तरी मोठ्यांपैकी कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. विनोद मोठ्यांना दिसतो, कारण त्यांना लक्ष्याची फजिती दिसते. पाच वर्षांच्या मुलाला दिसते ते इतकेच, की खेळण्यात माणूस असतो, तो रात्री उठतो आणि सांगितले तर कोणी ऐकत नाही. पहिल्या टप्प्यात ज्या मुलाच्या नावापुढे ‘अंधारात एकटे झोपत नाही’ असे लिहिले असेल, त्याच्या खोलीतल्या बाहुल्यांची सोय आधी करावी लागेल. तोच चित्रपट दहा वर्षांच्या मुलांच्या टोळक्याला हसवून लोळवतो.

नोंदी करताना पुढील गोष्टींकडे मुद्दाम कान आणि डोळा ठेवावा.

*स्त्रीवरील जबरदस्ती.* जुन्या हिंदी चित्रपटांत बलात्काराचा प्रसंग बरेचदा फाटलेल्या बाहीने, फुटलेल्या बांगड्यांनी किंवा विझणाऱ्या दिव्याने सुचवलेला असतो. म्हणून तो ‘सौम्य’ धरला जातो. मुलाला मात्र एक बाई ओरडते आहे आणि कोणी येत नाही, हे पुरेपूर कळते.

*पाठलागाला प्रेम म्हणणे.* नायिका नको म्हणते, नायक वाट अडवतो, ओढणी ओढतो, आणि गाणे संपेपर्यंत ती हसते. यात रक्त नाही, शिवी नाही, म्हणून ते कोणाच्याच नोंदीत येत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी माझ्या मते मारामारीपेक्षा या नोंदीचे महत्त्व अधिक आहे.

*द्वयर्थी संवाद.* दादा कोंडके यांच्या चित्रपटांबाबत पालक सावध असतात. इतर तमाशापटांतल्या आणि विनोदी चित्रपटांतल्या सवाल-जवाबांबाबत नसतात. लहान मुलांच्या डोक्यावरून ते जाते हे खरे, पण परदेशात वाढणारी मुले सबटायटल वाचतात, आणि मराठीत झाकून सांगितलेले तिथे कधीकधी उघडे करून लिहिलेले असते. सबटायटल चालू ठेवणार असाल, तर तपासतानाही चालूच ठेवावे.

*कोणाला हसले जाते.* बोबडे बोलणारा, जाड, काळा, तिरळा, बायकी चालणारा, एखाद्या प्रांताचा किंवा जातीचा माणूस, हे जुन्या विनोदाचे हुकमी गिऱ्हाईक आहे. आपल्या मुलाच्या वर्गात किंवा घरात तसे कोणी आहे का, हे पहिल्या पानावर पाहावे.

*नक्कल करण्यासारखे.* गळफास, पेटवून घेणे, उंचावरून उडी, विषाची बाटली, आणि नायकाच्या ऐटीचा भाग म्हणून आलेली सिगारेट. खोटी वाटणारी तलवारबाजी तितकी धोक्याची नाही. घरात दोरी, पंखा आणि काडेपेटी मात्र असतातच.

इशारा: तपासताना हसू आले, म्हणून नोंद गाळू नये.

५. निर्णय करा आणि तो लिहून ठेवा

नोंदी आणि मुलाचे पान शेजारी ठेवून चारपैकी एक निर्णय लिहावा: आहे तसा दाखवायचा, काही भाग वगळून दाखवायचा, मोठ्या माणसाने शेजारी बसून, मध्ये थांबवत दाखवायचा, किंवा अमुक वयापर्यंत थांबायचे. ‘बघू या, जसे होईल तसे’ हा पाचवा निर्णय घरोघरी चालतो आणि तोच गोंधळाचे मूळ आहे.

निर्णयासाठी नोंदींची संख्या मोजू नये. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) वेषांतराचे आणि खोट्या गरोदरपणाचे विनोद पानभर भरतील, तरी ते हलक्याफुलक्या सुरातले आहेत आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी असेल तर चित्रपट आठ-नऊ वर्षांच्या मुलांसोबत बसून पाहता येतो. उलट, एकच नोंद असलेला चित्रपट त्या एका नोंदीमुळे थांबवावा लागू शकतो. त्या प्रसंगाचा बळी मूलच असेल, तर त्याचे वजन दुप्पट धरावे.

घरात आजी-आजोबा असतील, तर निर्णय त्यांच्याशी आधी बोलून घ्यावा. ‘आम्ही तुम्हाला दाखवलाच होता ना, काय झालं?’ हा प्रश्न मुलांसमोर आला, की पालकांची बाजू लंगडी पडते आणि वगळायचे दृश्य सर्वांत आधी मुलांनाच पाहावेसे वाटते.

६. वगळायचे असेल तर ते धडपणे वगळा

वगळणे तेव्हाच जमते, जेव्हा त्या दृश्याशिवाय पुढचे समजते. अड्ड्यावरचे नृत्य गाळले तर बहुधा काही बिघडत नाही. ‘शोले’त ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड, त्यातही लहान नातवाला गोळी घालण्याचा प्रसंग गाळला, तर ठाकूर इतका का पेटलेला आहे हे कळत नाही, आणि मग मूल नेमके तेच विचारते. जिथे कथेचा कणाच काढावा लागतो, तिथे वगळू नये. चित्रपट पुढे ढकलावा.

वगळण्याच्या जागेची सुरुवात आणि शेवट मिनिट-सेकंदासह लिहावा, आणि सुरुवातीची खूण प्रत्यक्ष दृश्याच्या थोडी आधी धरावी. पुढे पळवताना पडद्यावर लहान चौकटींत तेच दृश्य तुकड्यातुकड्यांनी दिसत राहते. ते टाळायचे तर थेट वेळेवर उडी घ्यावी किंवा पडदा क्षणभर बंद करावा. मुलांना आधीच सांगून टाकावे, की मधला एक भाग आपण पाहणार नाही आहोत, तिथे काय घडते ते मी दोन वाक्यांत सांगेन. न सांगता झडप घालून रिमोट उचलला, तर ते दृश्य मुलांच्या लेखी सगळ्या चित्रपटातले सर्वांत महत्त्वाचे होऊन बसते.

७. खोली आणि यंत्र तयार ठेवा

ऑटोप्ले बंद करावा; तपासलेला चित्रपट संपल्यावर पाच सेकंदांत न तपासलेला सुरू होतो, हे नेहमीचे आहे. यूट्यूबवर जाहिराती आणि शेजारी दिसणारी चित्रे तुमच्या नोंदींत नसतात, म्हणून पूर्ण पडद्यावर आणि शक्य असल्यास जाहिरातीविना लावावे. ओटीटीवर मुलांच्या प्रोफाइलवर तो चित्रपट दिसत नसल्याने पालकांचे प्रोफाइल उघडले जाते आणि नंतर तसेच राहते. संपल्याबरोबर बाहेर पडून पिन लावावा. भीतीचा थोडाही अंश असलेला चित्रपट दुपारी लावावा, झोपायच्या आधी नव्हे. तीन तासांचा चित्रपट दोन बैठकांत विभागायचा असेल, तर ताणाच्या क्षणी थांबू नये. मूल रात्रभर तिथेच अडकून राहते.

८. पाहताना आणि पाहून झाल्यावर

पडद्यापेक्षा मुलांकडे अधिक पाहावे. पाय वर घेणे, कान झाकणे, पाणी प्यायला सारखे उठणे, एकाएकी गप्प होणे, या खुणा दिसल्या तर थांबवून ‘बंद करू या का?’ असे साधे विचारावे. भावंडांसमोर ‘घाबरलास?’ असे विचारल्यास उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते.

चित्रपट संपल्यावर लगेच शिकवणी सुरू करू नये. एखादा प्रश्न पुरतो: कोणाचे वागणे पटले नाही? पाठलागाच्या गाण्यावर, वर्णावरच्या विनोदावर किंवा सिगारेटवर बोलायचे असेल, तर ते या उत्तराच्या आधाराने बोलावे. मुलाने काहीच सांगितले नाही, तर दोन-तीन दिवस खेळ आणि झोप यांवर लक्ष ठेवावे. चित्रपटातला प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो मनात अजून सुटलेला नाही असे समजावे.

इतकी तपासणी करूनही मूल घाबरलेच, तर वयानुसार उपाय वेगळा आहे. लहान मुलाला जवळ घ्यावे, दिवा चालू ठेवावा, ती बाहुली काही दिवस कपाटात ठेवावी. तर्क सांगत बसू नये. मोठ्या मुलाला मात्र माहिती हवी असते: असे प्रत्यक्षात कितपत घडते, घडले तर कोणाला हाक मारायची, आणि त्या प्रसंगात कोणी कोणती चूक केली. तोच प्रसंग ‘बघ, काही नाही त्यात’ म्हणून पुन्हा दाखवण्याचा मोह टाळावा.

त्या दिवशीच वहीत मुलाच्या पानावर एक ओळ वाढवावी आणि चित्रपटाच्या नोंदीखाली प्रतीची लांबी, वगळलेल्या वेळा आणि घेतलेला निर्णय कायम ठेवावा. धाकट्याची पाळी येईल तेव्हा प्रत तीच असल्यास तिसरा आणि चौथा टप्पा पुन्हा करावा लागणार नाही. पहिला मात्र नव्याने करावा लागेल, आणि प्रत बदलली असेल तर दुसरा आणि चौथाही.